आमच्या घरातला टायफॉईड

४ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

बाकीचा मायना मनातल्या मनात भरून घ्या. आज मला घाई आहे आणि राग आलाय, आणि दोन्ही एकदम आले की माझ्याकडून अदबीचं काही लिहून होत नाही. फोन केला असता, पण तुमच्या कानांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. निदान आज तरी नाही.

लेकीच्या जन्मानंतर मी ज्या मोठ्या इस्पितळात होते, त्यांचं पत्र आलंय. तिथले जुने कागद त्यांनी कॉम्प्युटरवर चढवले होते म्हणे, आणि आता ते कुणीतरी चोरले. पत्रात असं सरळ कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंय, 'आमच्या संगणक प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाल्याचे निदर्शनास आले असून आपली वैयक्तिक व वैद्यकीय माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.' मी पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की घरात चोर शिरला एवढंच सांगायचंय, पण तोंड उघडायची लाज वाटतेय.

खाली एक फोन नंबर होता. फिरवला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. नाव सांगा, जन्मतारीख सांगा, आणि कोणत्या आजारासाठी दाखल होतात ते सांगा. मी म्हटलं, अगं, तेच तर तुमच्याकडून चोरीला गेलंय, मग चोरांनाच विचार. तिने पुन्हा गाणं लावलं.

पण वन्सं, खरा घोळ पत्राचा नाही, पाकिटाचा आहे. पत्ता दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी असते ना, त्या खिडकीत माझं नाव, पत्ता, आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत 'मनोविकार विभाग, स्त्री कक्ष'. आमच्या इमारतीचं सगळं टपाल खालच्या मजल्यावरच्या काकू घेतात आणि ज्याची त्याला वर आणून देतात. माझं पाकीट त्यांनी उलटं करून हातात दिलं. माणूस पाकीट उलटं करून देतो म्हणजे सुलटं वाचून झालेलं असतं.

संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. पाकीट टेबलावरच होतं. पाणी पिता पिता म्हणाली, "आई, पूर्वी टायफॉईडचे पेशंट मनोविकार विभागात ठेवायचे का गं?"

आता काय सांगू तिला? तो शब्द तुमचा. मला इस्पितळात पोचवून तुम्ही घरी आलात आणि विचारायला आलेल्या पहिल्या माणसाला म्हणालात, टायफॉईड. तेव्हापासून या घरात वर्षंसुद्धा त्याच्यावर मोजतात. टायफॉईडच्या वर्षी फ्रीज घेतला, टायफॉईडच्या पुढच्या वर्षी चष्म्याचं दुकान हलवलं. मलाही इतकी सवय झालीय की कधी कधी वाटतं, खरंच ताप आला असेल.

तुमच्या बंधुराजांना विचारलं, काय करू? म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." दिवसभर लोकांना लांबचं-जवळचं दाखवतात, आणि घरी आले की हात वर.

म्हणून तुम्हाला विचारते. खालच्या काकूंचा नातू माझ्या पाळणाघरात येतो. त्या गप्प बसतील असं वाटत नाही. लवकर लिहा.

तुमची
वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र पोचलं. राग सहीपर्यंत टिकला आहे, यावरून तब्येत ठणठणीत आहे असं समजते.

आता नीट वाच. पहिली गोष्ट, ते पत्र आणि ते पाकीट फाडून टाक. बारीक फाड. आणि तुकडे खालच्या मजल्याच्या डब्यात टाकू नकोस.

दुसरी गोष्ट, त्या बाईला आपण होऊन काही सांगायला जायचं नाही. विचारलं तर हसायचं आणि म्हणायचं, अहो, सारख्या नावाची दुसरीच कुणीतरी, इस्पितळाचा नेहमीचा गोंधळ. इस्पितळाचा गोंधळ म्हटलं की कुणीही विश्वास ठेवतं. लेकीलाही तेच सांग. बाळ्याला काही विचारूच नकोस. तो लहानपणी पंगतीत उजवीकडे बसू की डावीकडे हेसुद्धा मला विचारायचा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन आणि समोर अख्खं शहर. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचं दुकान बुडतंय, कोण कुणासाठी रडतंय, सगळं माझ्या कानावरून गेलं आणि पोटात राहिलं. एक शब्द बाहेर पडला नाही. त्यातून मी एकच शिकले, की लोक दुसऱ्याचं ऐकून घेतात ते विसरण्यासाठी नाही. तू एकदा बोललीस की ते वाक्य तुझं राहत नाही.

टायफॉईड हा चांगला आजार आहे. येतो, जातो, त्यात कुणाचा दोष नसतो. तोच राहू दे.

आणखी एक. त्या इस्पितळाचं दुसरं काही आलं, कुणाच्याही नावाचं असलं, तरी उघडू नकोस. तसंच इकडे पाठव. काय उत्तर द्यायचं ते मी बघेन.

इकडे सगळं ठीक. एक्स्चेंजच्या इमारतीत आता बुटांचं दुकान झालंय. मी खिडकीतून बघते, जिथे आमचा स्विचबोर्ड होता तिथे लोक एका पायावर उभे असतात.

वन्सं


१६ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

तुमच्या पत्रातली एकही गोष्ट मी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. रागवायचं असेल तर इथेच रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

इमारतीला सर्दी झाली आहे. आधी काकूंच्या नातवाला झाली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांना. मग रस्त्यापलीकडच्या नर्सबाईंच्या मुलीला, आणि त्यांनी तर चिठ्ठी पाठवली, की 'काही दिवस घरीच ठेवू म्हणते.' काही दिवस म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. जिन्यात जुळे भेटले, चांगले उड्या मारत होते. मी विचारलं, काय रे, सर्दी कशी आहे? धाकटा म्हणाला, कुठली सर्दी? आईने त्याला हात धरून वर ओढलं.

दुपारी पोरं झोपली की त्या खोलीत एक वेगळाच आवाज असायचा, सगळ्यांच्या श्वासांचा मिळून. आता तिथे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. जी थोडी पोरं उरलीत त्यांचे आईबाप सोडायला येतात तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतात. काय शोधतात कोण जाणे. मी तोंड नीट धुते.

तुम्हाला माहीत आहे हे पाळणाघर मी कसं सुरू केलं ते. इस्पितळातून आल्यावर माझ्याच मुलीला उचलायला मी धजायची नाही. तुम्ही शेजारी बसून मला तिला आंघोळ घालायला लावायचात, स्वतः हात न लावता. मग शेजारणीने एकदा तिचं बाळ तासभर माझ्याकडे ठेवलं, आणि ते माझ्या खांद्यावर झोपलं. त्या दिवशी मी बरी झाले. डॉक्टरांनी सांगितलं ते नंतर. म्हणून हे बंद पडलं तर माझं काय जातं ते दुसऱ्या कुणाला नाही कळणार, तुम्हाला कळेल.

लेकीला सगळं सांगितलं. पोरांच्या अंथरुणांच्या घड्या घालत होतो, तेव्हा. तू झालीस आणि माझी झोप उडाली. पाळण्यातलं मूल कुणीतरी बदलून ठेवलंय असं वाटायला लागलं. एका सकाळी माझं मलाच कळलं की माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा तुला आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, मला कुठेतरी घेऊन चला. ती ऐकत होती. चादरीची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मला वाटलं, आता रडेल.

म्हणाली, "म्हणजे मी आयुष्यभर उकळलेलं पाणी उगाच प्यायले?"

वन्सं, विसरलात का? टायफॉईड पाण्यातून होतो म्हणून या पोरीला आपण शाळेच्या सहलीतसुद्धा बाहेरचं पाणी पिऊ दिलं नाही. बाटली गळ्यात अडकवून फिरली बिचारी. वर्गात तिला 'टाकी' म्हणायचे. आपण खोटं बोललो ते ठीक, पण आपणच त्यावर इतका विश्वास ठेवला की पाणी उकळत बसलो. दोघी पोट धरून हसलो, आणि मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली.

मी ठरवलंय. सगळ्या पालकांना एका रविवारी बोलावणार आणि स्वतः सांगणार. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर कोंबडं खिडकीच्या पाकिटातून आलंय.

तुमची
वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

असलं काही करायचं नाही. मी मोठी आहे म्हणून सांगते, विनंती नाही.

तुला वाटतं तू सांगशील आणि लोक म्हणतील, वा, काय धीराची बाई. म्हणतील, त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एखादं पोर पडून गुडघा फोडून घेईल, रोज फोडतात तसा, आणि सगळे एकमेकांकडे बघतील. जन्मभर प्रत्येक खरचटण्याचा हिशेब तुझ्या डोक्याशी जोडला जाईल. तुला राग येईल तेव्हा तो राग नसेल. तू दमशील तेव्हा तो दमणं नसेल. तुला याची कल्पना नाही.

सर्दी बरी होते. थांब. लोकांना पाळणाघराची गरज आहे, ती तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

आणि एवढं करूनही बोलायचंच असेल तर त्यात माझं नाव, माझ्या आईचं नाव, कशाचाही उल्लेख नको. मी तुला इस्पितळात नेलं हेही सांगू नकोस.

वन्सं


२६ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र आणि हे दुसरं पाकीट एकाच दिवशी आलं. दोन्ही खालच्या काकूंनी दिली. पाकीट पुन्हा उलटं.

त्यावर माझं नाव नाही. तुमचं आहे. पत्ता या घरचाच, तुमच्या आईवडिलांच्या वेळचा, आणि वर तेच ठळक अक्षर. मी उघडलेलं नाही, तुम्ही सांगितलं होतं तसंच आत घालून पाठवते आहे. खिडकीतून जे दिसलं ते मात्र दिसलं. माझे डोळे काही काकूंपेक्षा वेगळे नाहीत.

तुम्ही मला काही सांगायलाच हवं असं नाही. मी विचारणार नाही आणि इथे कुणाला बोलणारही नाही. फक्त एक आठवतं. त्या सकाळी गाडी इस्पितळाजवळ आली तेव्हा तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, पुढे थांबवू नका, डावीकडून वळसा घ्या, मागे एक दार आहे. तिथल्या बाईने माझे केस बघून कात्री काढली तेव्हा तुम्ही तिच्या हातातून ती काढून घेतलीत. तेव्हा मला वाटलं होतं, वन्संना सगळंच माहीत असतं.

पालकांना मार्चच्या दुसऱ्या रविवारी बोलावलंय. तुम्हाला नको असेल तर तुमचं नाव येणार नाही, पण सभा होणार.

तब्येत जपा. रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची
वहिनी


५ मार्च

वहिनी,

पाकीट पोचलं. दोन दिवस तसंच टेबलावर ठेवलं आणि त्याच्याभोवती जेवले. काल उघडलं. आत तुला आलं तेच पत्र आहे, फक्त नाव बदललंय. तसदीबद्दल क्षमस्व.

तू विचारणार नाही म्हणालीस, म्हणूनच सांगते. विचारलं असतंस तर नसतं सांगितलं.

मी एकोणीस वर्षांची होते. एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, वायर काढायची, घालायची. काही महिन्यांनी वायर काढली तरी माणसं बोलायची थांबेनात. घरी जेवताना बोलायची, आंघोळ करताना बोलायची. माझ्याबद्दलच बोलायची, आणि चांगलं काही नाही. मी मैत्रिणींना सांगितलं की कानात आवाज येतात. त्या म्हणाल्या, आम्हालाही येतात, नवीन असताना सगळ्यांना येतात. एक्स्चेंजमधल्या मुलीच्या वेडाची ही गंमत होती बघ, कुणाला ते वेड वाटलंच नाही. शेवटी एक दिवस मी बोर्डावरच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि अर्धं शहर मुकं केलं, तेव्हा वाटलं.

मागच्या दाराने मला आईने नेलं. तिथे माझे केस कापले, मुळापासून. उवांसाठी, म्हणाले. मला उवा नव्हत्या. म्हणून तुझ्या वेळी ती कात्री बघितली आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

टायफॉईड हा शब्द माझा नाही, वहिनी. तो आईचा. टायफॉईडने केस जातात, म्हणून तिने तो निवडला. माझं लग्न ठरलेलं होतं. त्या लोकांना टायफॉईडच सांगितला, आणि त्यांनी निरोप पाठवला की इतक्या अशक्त झालेल्या, केस गेलेल्या मुलीशी आम्हाला सोयरीक नको. म्हणजे खोटं बोलून जे वाचवायचं होतं ते खोट्यानेच बुडालं. आई तरीही जन्मभर म्हणत राहिली की झाकली मूठ. मग मीही म्हणायला लागले. तुझ्या वेळी तोंडातून दुसरा शब्द आलाच नाही.

औषध लागू पडलं. आवाज गेले. मी परत त्याच बोर्डावर जाऊन बसले आणि पर्यवेक्षक होऊन निवृत्त झाले. त्या सगळ्या काळात मला एकदाही मोठ्याने भांडता आलं नाही. कुणी उद्धट बोललं की मी हळू आवाजात उत्तर द्यायचे. लोक म्हणायचे, काय शांत स्वभाव. शांत कसला, भीती होती ती. मागच्या पत्रात तुला जे जे लिहिलं, राग तो राग नसेल वगैरे, ते मी कुठून आणलं असं तुला वाटलं? पण माझ्याबद्दल तर कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसतानाच मी तशी जगले. ते या पाकिटाभोवती जेवताना लक्षात आलं, आणि मला इतका राग आला की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, काय पडलं? ताट पडलं होतं. मी फेकलं होतं.

रविवारी माझं नाव घे. नुसतं घेऊ नकोस, ठणकावून घे. बाळ्याला हे पत्र वाचायला दे, तो तेव्हा शाळेत होता आणि अजून तापच समजतो. आणि इस्पितळाला तू काही लिहू नकोस. त्यांना मी लिहिणार आहे.

वन्सं


१५ मार्च

वन्संना नमस्कार. आज खरोखरचा, पूर्ण मायन्यासकट.

यांना तुमचं पत्र दिलं. वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "ताई दुसऱ्या खोलीत डोक्याला रुमाल बांधून बसायची आणि मी तिला टकली म्हणून चिडवायचो." मग कधी नव्हे ते आपण होऊन उठले, शेजारून खुर्च्या मागून आणल्या, आणि रविवारी दारात उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला आत या म्हणायला. हात वर नव्हते.

खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून काही बाप पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला लावून. त्यामुळे मला जरा धीर आला. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाला फार घाबरता येत नाही.

मी सगळं सांगितलं, लेकीला सांगितलं तसंच. कुणी खोकलं नाही. जुळ्यांचे वडील विमा कंपनीत आहेत, त्यांनी विचारलं, हे पुन्हा होणार नाही याची खात्री काय? रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, खात्री नाही, तुम्हाला उद्या ताप येणार नाही याची आहे का? पण मला एक गोष्ट येते जी फार थोड्यांना येते. माझं डोकं ताळ्यावर नाही हे मी स्वतः ओळखलं, आणि दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मूल सुरक्षित हातात दिलं. तुमच्यातल्या किती जणांनी कधी असं ओळखलंय?

ते म्हणाले, आणि ते हात कुणाचे होते?

तेव्हा मी तुमचं नाव घेतलं, वन्सं. म्हटलं, माझ्या नणंदेचे. त्याच इस्पितळाच्या त्याच वॉर्डात माझ्या कितीतरी आधी राहून आलेल्या बाईचे. त्याच हातांनी ही मुलगी सांभाळली, आणि लेक तिथेच भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बोट दाखवलं. ती सगळ्यांकडे बघून हसली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. साधं, नळाचं.

आता काय झालं ते. जुळे गेले, कायमचे. त्यांच्या वडिलांनी नीट सांगून नेले, सर्दीचं नाव घेतलं नाही, म्हणून मला त्यांचा राग नाही. आणखीही काही गेले. नर्सबाईंची मुलगी सोमवारी सकाळी आली. बाकी बरेचसे आले. पाळणाघर चालू आहे, वन्सं, आधीपेक्षा थोडं लहान, पण आता माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

खालच्या काकू सगळ्यात शेवटी आल्या, नातवाला घेऊन. मी म्हणणार होते, झाली का सर्दी बरी? त्याआधी त्याच म्हणाल्या, "मी कुणालाही काही सांगितलं नाही. नातवाला ठेवला घरी, तेवढं केलं. त्यावरून लोकांनी ओळखलं असेल तर ओळखलं असेल. पण बाई, वाचता येतं हा माझा गुन्हा आहे का? त्यांनी वरच छापलं." आणि पहिल्यांदा मला त्यांचं पटलं. पाकीट काकूंनी छापलं नव्हतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होते.

काल जुळ्यांची आई आली. नवऱ्याला न सांगता, आणि जिन्यातच उभी राहिली. तिची बहीण बाळंत झाली आहे. झोपत नाही, मुलाला जवळ घेत नाही, सारखी दाराकडे बघते. कुठे न्यायचं तिला, तिने विचारलं, आणि मग आवाज खाली करून म्हणाली, तिथे मागून कुठूनसं दार आहे ना?

मी म्हटलं, आहे. पण तू पुढच्याने ने. दिवसाढवळ्या ने, आणि कात्री दिसली तर काढून घे.

आता तुमचं उत्तर काय झालं ते कळवा. इस्पितळाला लिहिलंत का? फार कडक लिहू नका, असं सांगणार होते. पण नको. लिहा.

तुमची
वहिनी


२० मार्च
(इस्पितळाला पाठवलेल्या कार्डाची नक्कल. वहिनीसाठी.)

नोंदणी अधिकारी यांस,

आपलं पत्र मिळालं. माझी माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं आपण लिहिता. नाकारू नका. गेलीच आहे. चोरांनी तिचं काय केलं ते मला माहीत नाही, पण आपण ती पाकिटावर ठळक छापून लोकांच्या दारोदार पाठवलीत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. चोरांनी निदान एवढा खर्च केला नसता.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. एका शहराची सगळी गुपितं माझ्या कानावरून गेली आणि एकही बाहेर पडलं नाही. तेही मी आपल्याच वॉर्डातून बरी होऊन आल्यानंतर. आपल्या इस्पितळात सगळे शहाणे बसले आहेत, आणि आपल्याला एक पाकीट नीट करता आलं नाही.

अजून टपालात न पडलेली पाकिटं आजच थांबवा. जिथे ती पोचली आहेत त्या प्रत्येक घरी माफी मागायला माणूस पाठवा, कोऱ्या पाकिटातून पत्र नव्हे, माणूस. माझ्या वहिनीकडे आधी पाठवा. ती पाळणाघर चालवते, त्यामुळे येणाऱ्याला छोट्या खुर्चीवर बसावं लागेल.

आपल्या पत्राच्या तळाशी छापलं आहे की माझं उत्तर गोपनीय ठेवलं जाईल. त्याची गरज नाही, आणि आपल्याला ते जमणारही नाही. म्हणून हे मी पाकिटात घालत नाही. उघड्या कार्डावर, मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात पडेल त्याने खुशाल वाचावं, आणि काही विचारायचं असेल तर मला येऊन विचारावं. मात्र जरा मोठ्याने. मला कमी ऐकू येतं.

आपली,
टेलिफोन पर्यवेक्षक, निवृत्त
मनोविकार विभाग, स्त्री कक्ष